आक्काची जागा

कसबा बावड्यात कुणालाही विचारा, लग्नं लावणारी आक्का कुठं राहते, तर माणूस आधी तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघणार. मग विचारणार, "पोरगी पळवून आणलीय काय?" नाही म्हटलं की थोडा नाराज होणार, आणि मग नीट पत्ता सांगणार.

अंगणवाडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, जोतीराममामांचा फोटो. फोटोला हार नाही. आक्का म्हणते, वाळलेला हार काढायची आठवण राहत नाही, आणि वाळका हार बघवत नाही. आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिचं कागदावरचं नाव आक्काताई, नोकरी अंगणवाडीत. चाळीस पोरांना एका दमात गप्प बसवणारा आवाज. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं "मी आलो, मी गेलो" असंच बोलणार. मी तिच्या लेकीची, तेजस्वीची मैत्रीण. कॉलेजात आम्ही दोघी नाटकात होतो. तालमीला आवाज पोचत नसला की तेजस्वी म्हणायची, थांबा, आईला बोलावते.

आक्का लावते त्या लग्नात भटजी नाही, मुहूर्त नाही, अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. देवाधर्माच्या नावानं ज्यांना लग्न करायचं नाही अशी पोरं तिच्याकडं येतात. कुणाचा विश्वास नसतो, कुणाची जात आडवी आलेली असते, कुणाला न कळणाऱ्या भाषेत आयुष्यभराचं काही कबूल करायचं नसतं. आक्का त्यांना चहा पाजते आणि सांगते, एकमेकांना काय वचन देणार ते आपापल्या शब्दांत लिहून आणा. मग ते वाचायला लावते. एका इंजिनियर पोरानं लिहिलं होतं, मी तुझ्या स्वप्नांना पंख देईन. आक्का म्हणाली, "पंख ऱ्हाऊ देत. भांडी कोण घासणार ते लिही."

लग्नात म्हातारी माणसं आक्काला हमखास छेडायची, आणि तिचं उत्तर तयार असायचं. मुहूर्त कधीचा, पावणं? सगळी जमली की मुहूर्त. मंत्र न्हाईत, तर लग्न लागलं हे कळायचं कसं? दोघांच्या तोंडाकडं बघा, कळतंय. कायद्यानं चालतंय का हे? कायद्याला कचेरी हाय, तिथं सह्या करून आल्यात. मी माणसांसाठी हाय.

ही कामगिरी मुळात तिच्या नवऱ्याची. जोतीराममामा उद्यमनगरच्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. सुट्टीच्या दिवशी अशी लग्नं लावत हिंडायचे, आणि आक्का पाकळ्यांची परडी घेऊन सोबत. मुरगूडला एका लग्नात नवऱ्या मुलाची आई कुठं दिसेना. आक्का शोधत गेली, तर बायडाबाई आचाऱ्याच्या मागं कांदा चिरत बसलेल्या. विधवा बाई. एकुलत्या पोराचं लग्न, आणि आपली सावली पडायला नको म्हणून चुलीमागं. आक्कानं त्यांच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली. हात धुऊन या म्हणाली. बायडाबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. आक्का म्हणाली, लोक जेवतील आणि जातील. तिनं त्यांना नेऊन पोराच्या मागं उभं केलं आणि त्यांचा ओला हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. पोरगं वचन वाचता वाचता मध्येच थांबलं. त्याला पुढचं वाचताच येईना.

त्या दिवसापासून तो आक्काचा रिवाज झाला. ज्यानं वाढवलं त्यानं वचनाच्या वेळी मागं उभं राहून पाठीवर हात ठेवायचा. आई असो, आजी असो, वसतिगृहाच्या बाई असोत. कुंकू असो नसो.

तेजस्वी सातवीत असताना जोतीराममामा कामावरच छातीत कळ येऊन गेले. आक्काच्या बांगड्या फोडायला बायका आल्या तेव्हा तिनं हात मागं घेतला. त्यानं भरलेल्या न्हाईत, मी भरल्यात, एवढंच बोलली. पुढं ती एकटीच लग्नं लावायला लागली. परडी तेजस्वीकडं आली.

आक्काचा आणखी एक नियम होता आणि तो जरा अवघड होता. लग्न ज्यांचं, मर्जी त्यांची. एकदा एक पुरोगामी गृहस्थ मुलाला आणि होणाऱ्या सुनेला घेऊन आले. पोरीला मंगळसूत्र घालायचं होतं. गृहस्थांना ते चळवळीचा अपमान वाटत होतं. आक्का त्यांना म्हणाली, "तिला घालायचं असंल तर ती घालंल. तुमचं पुरोगामीपण तिच्या गळ्यात का बांधताय?" गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. लग्न मात्र झालं, मंगळसूत्र घालून झालं, आणि आक्कानंच लावलं.

हाच नियम पुढं तिच्या दारात उभा राहिला.

विश्वजित वारणानगरचा. तेजस्वीच्याच ऑफिसात. सरळ, कमी बोलणारा, दिसायला बरा. त्याचे वडील विजयसिंह पहिल्यांदा घरी आले तेव्हा दिवाणावर न बसता खुर्ची ओढून आक्कासमोर बसले. बोलले अगदी मोकळं. पोरगी पसंत हाय, देणंघेणं कायबी न्हाय, फक्त लग्न आमच्याकडच्या रीतीनं. आमची आई पंच्याऐंशीची हाय, तिला नातवाच्या डोक्याला मुंडावळ्या बघायच्यात.

आक्कानं तेजस्वीकडं बघितलं. पाहुणे गेल्यावर विचारलं, तुला काय पाहिजे? तेजस्वीनं एकदम सांगितलं. तिला हळद पाहिजे होती. हिरवा चुडा पाहिजे होता. अंतरपाट धरलेला पाहिजे होता.

"मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात पाकळ्या वाटल्यात, आई. दर वेळी तेच. कुणीतरी भाषण करणार, कुणीतरी टाळ्या वाजवणार. मला एकदा सगळ्यांसारखं लग्न पाहिजे."

मी तिथंच होते. वाटलं, आक्का तडकणार. ती हसली.

"कर की. तुझं लग्न हाय." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "फकस्त मी तुझ्याजवळ असंन, एवढं बघ."

तेजस्वीनं तिच्या गळ्यात हात टाकले. "हे काय विचारणं झालं? तू नसशील तर कोण असणार?"

त्या एका वाक्यावर आक्का पुढचे दोन महिने जगली. तिनं स्वतःसाठी डाळिंबी रंगाची साडी घेतली. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईला दाखवली. मला दाखवली. ब्लाऊज दोनदा उसवून शिवला.

मग एकेक सुटायला लागलं. कुणी भांडलं नाही, हेच वाईट. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून तेजस्वीचे सयाजीकाका आणि काकी बसणार असं ठरलं. आक्का म्हणाली, बरोबर हाय, मी कन्या दान करणारच नव्हतो, ती काय वस्तू हाय? हळद सवाष्णींनी लावायची असते, असा विश्वजितच्या आत्यांचा फोन आला. बोलल्या फार गोड. तुमच्याबद्दल मनात कायबी न्हाय, आक्का, पण आईचं मन मोडवत न्हाय. हळदीच्या दिवशी आक्का मांडवाच्या खांबाला टेकून लेकीचे पिवळे गाल बघत राहिली आणि मला म्हणाली, गोरी दिसतीय न्हवं? दर वेळी तेजस्वी तिच्याजवळ यायची, दंडाला धरायची, आणि म्हणायची, "आई, एवढंच." आक्का म्हणायची, व्हय, एवढंच.

विश्वजितला कळत होतं. एकदा तो मला जिन्यात म्हणाला, मला चालतंय हो सगळं, पण घरात कोण बोलणार. मी म्हटलं, तू. तो हसला, आणि खाली जाऊन डेकोरेशनवाल्याशी बोलायला लागला.

लग्न वारणानगरजवळच्या एका कार्यालयात होतं. मी पाठराखीण, म्हणजे नवरीच्या मागंमागं राहायचं आणि सासरी सोबत जायचं. आक्का सकाळपासून ठरवून बसली होती: कन्यादान होऊ दे कुणाच्या हातनं, पण मंगलाष्टका सुरू झाल्या की मी तेजूच्या मागं उभा राहणार. पाठीवर हात ठेवणार. त्याला काय शास्त्र लागतंय? आईचा हात हाय.

नवरीला तिच्या मामानं बोहल्यावर आणलं. अंतरपाट धरला. बाजूला काकी ताठ उभी, नवीन नथ सावरत. आक्का स्टेजच्या पायऱ्यांपाशी आली. डाळिंबी साडी, केसात काही नाही, हातात तिच्या स्वतःच्या बांगड्या. तिनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि वरून आत्या लगबगीनं खाली आल्या. त्यांनी आक्काचे दोन्ही हात हातात घेतले.

"आक्का, वर कुठं गर्दीत? तुमच्यासाठी पुढं खुर्ची ठेवलीय. मानाची. चला बसा, मी बसवतो तुम्हाला."

आणि खरंच ठेवली होती. पहिल्या रांगेत, मधोमध, मखमली पाठीची मोठी खुर्ची. बाकीच्या सगळ्या प्लॅस्टिकच्या. शेजारच्या टीपॉयवर गुलाबांचा गुच्छ आणि पाण्याची बाटली. उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यासाठी असते तशी. कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मानानं, हसत, हाताला धरून, त्यांनी आईला प्रेक्षकांत नेऊन बसवलं.

मी नवरीच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, म्हणून मला दोघींचे चेहरे दिसत होते. आक्का बसली नव्हती. खुर्चीपुढं उभी राहून वर बघत होती. ती आत्यांकडं बघत नव्हती, आजीकडं बघत नव्हती. ती तेजस्वीकडं बघत होती. तेजस्वीनं मुंडावळ्यांच्या मधून तिला बघितलं. नक्की बघितलं. गुरुजींनी पहिला सूर लावला. दोघींमध्ये तीन पायऱ्या आणि एक शब्द. तेजस्वीचे ओठ हलले, असं मला आजही वाटतं. मग तिनं मान खाली घातली, नवरीनं घालायची असते तशी.

आक्का खुर्चीत बसली. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या. तिच्या हातात कुणीतरी अक्षता दिल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. तिची मूठ उघडलीच नाही.

पाठवणीच्या वेळी तिनं माझ्या हातात एक पिशवी दिली. तेजूची डोकेदुखीची गोळी, जुनी मऊ चादर, नव्या जागेत तिला झोप लागत नाही म्हणून. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "ती नुसतं 'आई, ये' म्हणली असती, तर मी गेलो असतो. त्या म्हातारीला भ्यालो नसतो आणि त्या बामणालाबी न्हाय. पण लग्न तिचं. बोलवायचं तिनं."

आणि मग लेक रडत गळ्यात पडली, तर तिलाच थोपटत राहिली. रडू नको, काजळ पसरतंय.

मांडवपरतणीला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, आम्ही बावड्याला आलो. विश्वजित, आत्या, तेजस्वी आणि मी. सयाजीकाका आणि काकी आधीच येऊन बसले होते. आक्कानं पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेवयाची खीर केली होती. आत्या चहा पिता पिता खोलीचं कौतुक करत होत्या, किती नीटनेटकं ठेवलंय म्हणून. परत जाताना लेकीची ओटी भरून पाठवायची असते. काकीनं ताट आतल्या खोलीत तयार करून ठेवलं होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

आक्का आत पुऱ्या तळत होती. तेजस्वी मला ओढत तिथं घेऊन गेली. मधलं दार लोटलं आणि कडी लावली.

"आई, गॅस बंद कर जरा."

"पुऱ्या गार व्हतील."

"होऊ देत." तिनं ताट उचलून आक्कापुढं धरलं. सुपारी ताटातून घरंगळून खाली पडली. "तू भर माझी ओटी. मला तुझ्याच हातानं पाहिजे."

आक्काचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं गॅस बंद केला. पिठाचे हात धुतले, पुसले, परत धुतले. तेजस्वीनं ताट माझ्या हातात दिलं आणि पदर पुढं पसरला. आक्कानं नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला. आणि तेवढ्यात बाहेर आत्या कशालातरी हसल्या.

आक्काचं लक्ष दाराकडं गेलं.

"कडी कुणी लावली?"

तेजस्वीनं पदर आणखी पुढं धरला.

"तेजू, कडी कुणी लावली?"

"मी."

"का?"

"आई, भर ना. आपल्याआपल्यात. बाहेर कळायला कशाला पाहिजे?"

आक्का नारळ धरून तशीच उभी. आवाज चढला नाही. अंगणवाडीतला तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"घरातनं पळून आलेल्यांची लग्नं लावली मी. पोरीचा भाऊ खाली काठी घेऊन उभा, तरी लावली. पण दार लावून एकबी लावलं न्हाय. आणि माझ्या लेकीची ओटी कडी लावून भरू व्हय?"

"तुझा तर ह्यावर विश्वासच नाही," तेजस्वी रडायला लागली. "ओटी भरली काय, न भरली काय, तुला काय फरक पडतो?"

"ओटीवर न्हाय. तुझ्यावर हाय की."

बाहेर सयाजीकाका विश्वजितला उसाच्या तोडणीबद्दल काही विचारत होते. आक्का एक पाऊल पुढं आली.

"कडी काढ. दार उघड. त्यांच्या देखत नुसतं म्हण, आई, भर. म्होरलं मी बघतो. कुणाला काय उत्तर द्यायचं ते मी देतो. तू फकस्त तेवढं म्हण."

तेजस्वी दारापाशी गेली. तिनं कडीवर हात ठेवला. चुड्याच्या बांगड्या लाकडावर वाजल्या. मला वाटलं, ती उघडणार, आता उघडणार. हात तसाच राहिला. मग तिनं कपाळ दाराला टेकलं आणि आमच्याकडं पाठ करूनच म्हणाली, "मला त्यांच्यात राहायचंय, आई. रोज."

आक्काच्या नजरेत राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं मान हलवली. हळूहळू, एखाद्या लहान पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी.

"व्हय," ती म्हणाली. "हे खरं बोललीस."

तिनं नारळ ताटात परत ठेवला. पडलेली सुपारी उचलून पुसून ठेवली. ओट्यापाशी जाऊन गॅस पेटवला आणि उरलेल्या पुऱ्या लाटायला घेतल्या. आमच्याकडं न बघता म्हणाली, "तोंड धू आधी. मग काकीला हाक मार. त्यांना पोचायला अंधार व्हईल."

कडी निघाली, ती काकीसाठी. काकीनं बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर, नीट रीतसर ओटी भरली. आत्यांनी हातभार लावला. आक्का आतून पुऱ्यांचा डबा भरून घेऊन आली, दारात थांबली, ओटी भरून होईपर्यंत दारातच राहिली, आणि मग डबा विश्वजितच्या हातात दिला. त्यानं वाकून तिचे पाय धरले. ती म्हणाली, असू दे, असू दे, भाजी वेगळी बांधलीय, सांडंल, सरळ धरा.

गाडी गल्लीतून वळेपर्यंत तेजस्वी मागं बघत होती. दोन्ही हात ओटीवर दाबून धरलेले, सांडू नये म्हणून. त्यामुळं तिला हात हलवता आला नाही.

मी आक्काजवळच थांबले. सयाजीकाका आणि काकी गेले. समोरच्या घरातली म्हातारी तांदूळ निवडत उंबऱ्यात बसली होती. तिला सगळं माहीत असणार. बावड्यात भिंतींना कान नसतात, थेट माणसंच असतात. तिनं सूप खाली ठेवून हाक मारली.

"आक्का, गेली व्हय लेक?"

"गेली."

"ओटी भरलीस न्हवं?"

आक्का दोन्ही हात चौकटीला धरून उभी होती. गाडी गेली त्या वळणाकडं बघत म्हणाली, "भरली. तिच्या काकीनं भरली. छान भरली."

आणि आत जाऊन भांडी घासायला बसली.